तेहेतीस इंचांची भिंत

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्यानं कुणी म्हटलं, त्यानं राहत्या घरातली भिंत पाडून पाहिली नसणार. आम्ही पाडली. आणि ती पडल्यापासून माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, खोलीबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. शेवटी माझ्या नणंदेनं जाहीर केलं, "रविवारपर्यंत नाना स्वतःच्या पायांनी हिंडायला लागले तर ठीक. नाहीतर मी गाडी घेऊन येते आणि त्यांना माझ्याकडे घेऊन जाते. कायमचं." नानांना जायचं नव्हतं. तोंडानं नाही म्हणाले नाहीत, पण मी बॅग काढली की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

चूक कुणाची ते सांगते. माझीही आहे, लपवत नाही. पण माझी पाळी शेवटी.

आमचं जुनं घर म्हणजे एक लांब बोळ आणि त्याला चिकटलेल्या खोल्या. दारातून आत आलं की बैठकीची खोली. तिच्या कोपऱ्यात नानांची खोली. नानांच्या दारापासून बोळ सुरू व्हायचा तो थेट मागच्या बाथरूमपर्यंत. बोळाच्या एका बाजूला झोपायच्या दोन खोल्या, दुसऱ्या बाजूला सलग भिंत आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. भर दुपारी दिवा लावल्याशिवाय बोळात पाऊल टाकता यायचं नाही. समोरून माणूस आलं की एकानं पाठ भिंतीला लावून उभं राहायचं. मी घरीच शिवणकाम करते. मशीन स्वयंपाकघरात, बेल पुढच्या दाराची. मी उठून, बोळ पार करून, बैठकीतून दारापर्यंत पोचेस्तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या बाईकडे गेलेलं असायचं. तीन वर्षं मी नवऱ्याचं डोकं खाल्लं: ती भिंत काढा, उजेड येऊ द्या, मला माणसासारखं जगू द्या.

आता नवरा. तो एका कारखान्यात पंपांचे नकाशे काढतो. सव्वीस वर्षं तेच काम. पाणी कुठून आत येतं, कुठून बाहेर पडतं. मग घराचा नकाशा दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यायचा म्हणजे त्याच्या नाकाला मिरच्या झोंबणारच. "घराचं तरी काय असतं गं?" तो म्हणाला. "माणसं एकीकडून येतात, दुसरीकडे जातात. वाट मोकळी पाहिजे, बस." मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पंपातल्या पाण्याला तहान लागत नाही, त्याची चप्पल हरवत नाही आणि त्याला नणंद नसते.

त्यानं दोन नकाशे काढले. एकात भिंत ठेवून तिला नुसत्या दोन खिडक्या पाडायच्या होत्या. दुसऱ्यात भिंत साफ काढून बैठक, बोळ आणि स्वयंपाकघर मिळून एकच मोठा हॉल. कोण कुठून कुठे जाणार याचे बाणसुद्धा काढले. निळे माझे, लाल त्याचे, हिरवे आमच्या कन्येचे. निकाल मात्र नानांवर सोपवला, कारण घर नानांचं. नाना घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून केसाएवढी चाकं बसवली त्यांनी. नानांनी दोन्ही कागद पुढ्यात घेतले, त्यांवरून तळवा फिरवला, बराच वेळ विचार केला आणि एकावर बोट ठेवलं. "हा."

बोट बिनभिंतीच्या नकाशावर होतं. नवऱ्याला आनंद मावेना. "बघा, नानांची नजर! याला म्हणतात जाणकार." मीही टाळ्या वाजवल्या. आता त्या टाळ्या आठवल्या की स्वतःच्याच थोबाडीत माराव्याशा वाटतात.

भिंत पडली. उजेड आला, खोटं कशाला बोलू. पहिले दोन दिवस मी हॉलमध्ये नुसती इकडून तिकडे फिरत होते. मग एकेक मजा कळायला लागली. भिंतीवरचे बटणांचे बोर्ड भिंतीबरोबर गेले, ते वायरमननं जागा मिळेल तिथे बसवले. बाथरूमचा दिवा लावायचा तर सोफ्यामागे हात घालायचा. पंख्याचं बटण फ्रिजच्या पाठीशी. फ्रिज उघडला की आमच्या झोपायच्या खोलीचं दार उघडत नाही, म्हणजे सकाळी दूध काढेपर्यंत नवरा आत कोंडलेला. पुढचं दार उघडलं की येणाऱ्याला आधी माझं खरकट्या भांड्यांचं सिंक दिसतं, मग मी. माप द्यायला आलेल्या बायका सोफ्यावर बसून मला सांगतात, फोडणी करपतेय. कन्येला अभ्यासाला शांतता नाही, नवऱ्याला बातम्या ऐकू येत नाहीत, कारण माझं मशीन चालू. एका भिंतीमागे इतकी भांडणं झाकलेली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाण मात्र नकाशात एकमेकांना न आपटता सुरेख वाहत होते.

हे सगळं मी सोसलं असतं, कुरकुर करत का होईना. पण नानांचं काय झालं ते कळेना. जे नाना दिवसातून दहा वेळा बोळातून खुशाल ये-जा करायचे, ते आता बाथरूमला जायचं तर मुलाला हाक मारायचे. मुलगा कामावर गेला की मला. मला हाक मारताना त्यांचा आवाज इतका बारीक व्हायचा की मशीन थांबवल्याशिवाय ऐकू यायचा नाही. मग त्यांनी हाक मारणंही टाळायला सुरुवात केली. दुपारचा चहा बंद. पाणी प्यायला द्यावं तर दोन घोट घेऊन पेला बाजूला. "तहान नाही." या वयात पाणी सोडलं तर माणूस किती दिवस काढणार?

आधी मला राग आला. खरंच सांगते, राग आला. वाटलं, म्हातारा रुसलाय. बोलून टाकलं मी, "नाना, तुम्हीच तर बोट ठेवलंत! तेव्हाच सांगायचं होतं, नको म्हणून."

"मी कुठे काय म्हणतोय," नाना म्हणाले. "छान झालंय घर. हवा खेळते."

आणि त्या मंगळवारी, नेमकी नणंद आलेली असताना, नाना एकटेच उठून बाहेर आले. मी मशीनवर होते, नणंद आत कन्येशी बोलत होती. मान वर करून बघते तर नाना हॉलच्या मधोमध उभे. ना टेबलाजवळ, ना सोफ्याजवळ. दोन्ही हात किंचित पुढे.

"काय हवंय, नाना?"

"काही नाही. घर कसं झालंय ते बघत होतो," ते म्हणाले. तोंड खिडकीकडे होतं. तसेच उभे राहिले, आणि उभ्या उभ्या त्यांचं धोतर ओलं झालं.

नणंद नेमकी तेव्हाच बाहेर आली. ती बिचारी दुष्ट नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आमच्या ताईंना रडू आलं की त्या कारभार हातात घेतात. "यांच्यासाठी माणूस ठेवला पाहिजे. माझ्याकडे बाथरूम खोलीला लागून आहे. चाकांची खुर्ची आणू. तुमच्या घरात आता म्हाताऱ्या माणसाला आडोसासुद्धा उरला नाही." आणि मग तो रविवारचा हुकूम. नाना ओल्या धोतरात उभे राहून सगळं ऐकत होते. ज्यांनी आयुष्यभर कुणाला आपली पिशवी धरू दिली नाही, त्यांच्यासमोर त्यांना धरायचं कुणी हे ठरत होतं.

शुक्रवारी मी चिडून साफसफाई काढली. माझा राग फडक्यात उतरतो. पाडलेल्या भिंतीचा दीड हात रुंदीचा तुकडा नानांच्या दाराजवळ अजून उभा होता. त्यावर त्यांच्या खोलीचा बोर्ड होता आणि वायरमन "आज येतो" म्हणून आठ दिवस उगवला नव्हता. त्या तुकड्यावर डाग होता. तो डाग माझा जुना वैरी. बोळभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक काळपट तेलकट रेघ. चार वर्षं मी ती साबणानं घासत आले आणि चार वर्षं त्यावरून कन्येला फैलावर घेत आले. "भिंतीला हात घासत चालायची ही कुठली पद्धत? लहान आहेस का आता?" ती म्हणायची, "आई, मी नाही." मी म्हणायची, "मग काय भिंतीला आपोआप घाम येतो?"

फडकं लावलं आणि हात थांबला. माझा धंदा मापाचा. चार वर्षांत कन्या वीतभर वाढली, माझ्या डोक्यावरून गेली. डाग मात्र जागचा हलला नव्हता. ज्या उंचीवर मी पहिल्यांदा घासला त्याच उंचीवर होता. गळ्यातली टेप काढून लावली. जमिनीपासून तेहेतीस इंच.

घरात तेहेतीस इंचांवर कुणाचा हात येतो, हे मला पाठ होतं. नानांचे सदरे मीच शिवते.

मी तिथेच जमिनीवर बसले. मग सगळं एकामागून एक आठवत गेलं. रोज सकाळी पेपर हातात धरून नाना कन्येला म्हणायचे, "तू वाच मोठ्यानं, तुझे उच्चार सुधारतील." आम्हाला वाटायचं, काय हौस आजोबांना. घड्याळं दुरुस्तीला घेणं त्यांनी एकाएकी बंद केलं, ते कंटाळा आला म्हणून. आणि ते दोन नकाशे! ज्या माणसाला कागदावर रेघ आहे की नाही तेही दिसत नव्हतं, त्याच्यापुढे दोन कागद टाकून आम्ही म्हटलं, निवडा. त्यांनी आपलं कुठेतरी बोट टेकवलं. आंधळी कोशिंबीर खेळलो आम्ही म्हाताऱ्याशी, आणि वर टाळ्या वाजवल्या. लाल बाण, निळे बाण, हिरवे बाण. नानांचा बाण नकाशात नव्हताच. त्यांना कुठे जायचं असतं, असं वाटलं असेल आम्हाला. मला स्वतःची इतकी चीड आली की मी ते फडकं उचलून सिंकमध्ये भिरकावलं. हॉल एकच असल्याचा तेवढा फायदा, नेम बसला.

पण बोलायची सोय नव्हती. नवऱ्याला सांगावं तर तो पाच मिनिटांत बहिणीला फोन करणार. नानांना दिसत नाही म्हटल्यावर ताईंनी रविवारचीही वाट पाहिली नसती. आणि मुख्य म्हणजे ज्यानं चार वर्षं जिवापाड लपवलं, त्याचं मी कोण चव्हाट्यावर मांडणार?

मी टेप घेऊन नानांच्या खोलीत गेले. दारात क्षणभर गप्प उभी राहिले. नाना खिडकीकडे बघत म्हणाले, "कोण आहे?"

"मी. उभे राहा जरा. नवी पँट शिवायचीय तुमची."

"मी आयुष्यात कधी पँट घातली नाही."

"मग आता घाला. उभे राहा म्हणते ना!"

उभे राहिले. मी म्हटलं, हात सैल सोडा, चालताना असतो तसा. जमिनीवर टेपचं टोक धरून मी माप त्यांच्या तळव्यापर्यंत आणलं. तेहेतीस. केसाचाही फरक नाही.

"पँटचं माप हाताच्या पंजापर्यंत घेतात?" नानांनी विचारलं.

"हल्ली तशीच फॅशन आहे."

नानांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि थोडा वेळ तिथेच राहिला. माझं नाक वाहायला लागलं, म्हणून मी चिडल्यासारखं करून बाहेर आले.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, "मला भिंत हवी आहे."

त्यानं चष्मा काढला. "कुठली?"

"जी पाडली ती. पूर्ण नको. तेहेतीस इंच उंच. नानांच्या दारापासून बाथरूमच्या दारापर्यंत सलग. स्वयंपाकघराकडे जायची वाट पलीकडच्या टोकाकडून ठेवा, मी वळसा घालून जाईन. उद्या सुरू करून रविवारी गिलावा झाला पाहिजे."

पुढचा अर्धा तास तो जे बोलला ते सगळं खरं होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. तीन वर्षं भिंत पाडा म्हणून डोकं खाल्लंस. हो, आता बांधा म्हणून खाते. घराच्या पोटातून आडवी भिंत, लोक हसतील. हसू दे. कारण तरी सांग! मी म्हटलं, "माझ्या सिंकची भांडी लोकांना दिसतात." तो म्हणाला, "तेहेतीस इंचांमागे भांडी लपत नाहीत." नकाशेवाल्याशी लग्न करू नये. शेवटी मी ठेवणीतलं शस्त्र काढलं, "भिंत होणार नसेल तर स्वयंपाक तुम्ही करा." भिंत मंजूर झाली.

मिस्त्री आला, त्यानं कपाळाला हात लावला. "बाई, पंधरा दिवसांपूर्वी मीच पाडली ना ही?"

"मग कुठे होती ते तुम्हाला चांगलं ठाऊक असेल. लागा कामाला."

शनिवारी विटा चढल्या. रविवारी सकाळी गिलावा झाला. मिस्त्रीनं वरची कड लोण्यासारखी गुळगुळीत केली आणि बजावलं, "उद्यापर्यंत कुणी बोट लावायचं नाही." नवऱ्यानं लगेच पुठ्ठ्यावर लाल रंगात, वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं: ओलं आहे, हात लावू नये. पाटी भिंतीच्या टोकाला, बरोब्बर नानांच्या दारासमोर ठेवली. असल्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

आणि उद्या म्हणजे सोमवार. ताई तर रविवारीच अकरा वाजता दारात. माझ्या डोक्यात शुक्रवारपासून भिंत, भिंत आणि भिंत. गिलावा वाळायला दिवस लागतो, हे या बयेच्या लक्षातच आलं नाही. सगळं मुसळ केरात.

ताईंनी घरात पाऊल टाकलं, भिंत बघितली. "हे काय आता नवीन? अडखळून पडायला?" कुणी उत्तर द्यायच्या आत नानांच्या खोलीचं दार उघडलं.

नाना बाहेर आले. धुतलेलं धोतर, केस विंचरलेले. त्यांचा उजवा हात हवेत किंचित पुढे झाला, खाली आला आणि भिंतीच्या कडेवर टेकला. पाटी हाताला लागून खाली पडली. नाना क्षणभर थांबले. मग चालायला लागले.

"अहो आजोबा, ओलं आहे!" मिस्त्री ओरडला. मी त्याच्याकडे असं बघितलं की पुढचा शब्द त्यानं गिळला. नाना थांबले नाहीत. ओठ हलत होते, पावलं मोजत होते. पाच, सहा. कडेवर चार बोटांची खोल रेघ उमटत चालली होती. अकरा, बारा. टेबल एका बाजूला, सोफा दुसऱ्या, आणि मधून नाना सरळ, ताठ, पूर्वी बोळातून जायचे तसे. अठरा. बाथरूमचं दार हाताला लागलं. ते आत गेले आणि त्यांनी कडी लावली.

नवरा पडलेल्या पाटीकडे बघत होता. वीतभर उंचीची लाल अक्षरं.

"नानांना... पाटी दिसली नाही?" तो म्हणाला. मग त्याला कळलं. मी आजवर त्याला रडताना बघितलं नव्हतं.

आतून नळाचा आवाज आला. नाना हात धुऊन बाहेर आले, तीच कड धरून परत निघाले. ताई मध्येच येऊन उभ्या राहिल्या. "नाना, किती दिवसांपासून?"

"चार वर्षं झाली."

"मग सांगायचं नाही का?"

"घर होतं तसं होतं, तोवर काही अडलं नव्हतं," नाना म्हणाले. "भिंत ओली आहे, हे पहिल्या पावलालाच कळलं बरं का मला. पण थांबलो असतो, तर तुझ्या गाडीत बसावं लागलं असतं. जरा बाजूला हो, माझी मोजणी चुकते."

ताई बाजूला झाल्या. कायमच्या. बॅग त्यांनी स्वतःच पलंगाखाली सरकवली आणि खुर्चीत बसून हमसून हमसून रडल्या. नाना खोलीत पोचले आणि आतून आवाज आला, जुना, खणखणीत: "चहा मिळेल का कुणाकडून? आणि पाणीही आण. मोठा पेला."

मिस्त्री थापी घेऊन पुढे झाला. "बाई, ती रेघ भरून घेतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"थापी खाली ठेवा," मी म्हटलं. "त्या रेघेला कुणी हात लावायचा नाही. चार वर्षं मी ती पुसत होते."

कन्या माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी सांगत होते ना, मी नाही म्हणून?"

मी तिला जवळ ओढलं आणि चहा टाकायला वळसा घालून स्वयंपाकघरात गेले.